डॉक्टर अलॉइस आल्झायमर

गोविंदाच्या दिवशीं लालबागेंत वा गिरगांवांत थर कोसळून एखाद्याचें डोकें आपटलें, तर त्यास परळच्या के. ई. एम. इस्पितळांत नेतात. टांके घालून तो घरीं परतला कीं आपण प्रकरण मिटलें असें समजतों. तें खरोखरच मिटतें काय, हें पाहण्याची वाट ज्यांनीं मोकळी केली, त्यांचें हें चरित्र.

अलॉइस आल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजीं जर्मनींतील मार्कटब्राइट या लहानशा गांवीं झाला. १८८८ सालीं ते फ्रांकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळांत वैद्य म्हणून रुजू झाले. १९०१ सालीं त्यांची पत्नी निवर्तली. पदरीं तीन मुलें होतीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आउगुस्टे डेटर नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री तेथें दाखल झाली. तिला स्वतःचें नांवही लिहितां येईना. वार्धक्यांत विसर पडतो हें सर्वांस ठाऊक होतें. पण पन्नाशींतच ही दशा कां? पुढें ते म्युनिकला गेले, तरी त्या बाईस विसरले नाहींत. १९०६ सालीं ती वारल्यावर तिचा मेंदू मागवून त्यांनीं त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारानें रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तों पेशींत तंतूंचे गुंते व पेशींबाहेर चकत्या दिसल्या. ट्यूबिंगेनच्या सभेंत त्यांनीं हें सांगितलें, तेव्हां एकाही श्रोत्यानें प्रश्न विचारला नाहीं. चार वर्षांनीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत त्या रोगास आल्झायमरांचें नांव दिलें. १९ डिसेंबर १९१५ रोजीं ब्रेस्लाउ येथें ते वारले. त्यांचेंही वय एक्कावन्नच होतें.

१९२८ सालीं अमेरिकेंतील डॉ. मार्टलंड यांनीं मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीविषयीं व मंदावत जाणाऱ्या बुद्धीविषयीं लिहिलें. १९७३ सालीं इंग्लंडांत पंधरा मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासले गेले, तेव्हां त्यांतही तसलेच गुंते सांपडले! आघातानें मेंदू कवटींत हिसडतो, लांब चेतातंतू ताणले जातात, आणि त्यांना आधार देणारें टाउ नांवाचें प्रथिन सुटून गुंतूं लागतें. २०१८ सालीं डेन्मार्कांतील सुमारें २८ लक्ष लोकांच्या नोंदी पाहतां, मेंदूस इजा झालेल्यांत पुढें स्मृतिभ्रंश होण्याची जोखीम २४ टक्क्यांनीं अधिक आढळली. इजा जितकी भारी व जितक्या वेळां, तितकी ती वाढते. प्रत्येक जखमीस हा रोग जडतोच असें मात्र नव्हे. बहुतेकांस जडत नाहीं.

पण गरगरत असतांही घरीं कांहीं न सांगतां दुसऱ्याच दिवशीं पुन्हां मैदानावर जाणारे गडी आपल्यांतही आहेत.