वारा अडवणारी माणसे

कामरगावहून कारंज्याकडे सायकलने जाताना वारा समोरून असला की जीव मेटाकुटीला येई. मग वडील पुढे होत आणि मी त्यांच्या चाकामागे चाक ठेवी. त्यांच्या पाठीआड पायडल कसे हलके होई! त्या हलकेपणावर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या जातात, हे मला फार पुढे फाउस्तो कॉपीची कहाणी वाचताना कळले.

कॉपी इटलीतल्या कास्तेल्लानिया या खेड्यात १९१९ साली जन्मला. खाटकाचा माल सायकलवरून घरोघर पोचवता पोचवता त्याचे पाय तयार झाले. १९४० मध्ये तो जिनो बार्ताली या नामांकित स्वाराचा मदतनीस म्हणून ‘जिरो’ या इटलीच्या शर्यतीत उतरला आणि विसाव्या वर्षी स्वतःच जिंकला. मग युद्ध आले, आफ्रिकेत कैद झाली. परतल्यावर त्याने ‘जिरो’ आणखी चारदा जिंकली. फ्रान्सची ‘तूर’ त्याने १९४९ आणि १९५२ मध्ये जिंकली.

या शर्यती तीन-तीन आठवडे चालतात. रोजच्या वेळेची बेरीज ज्याची कमी, तो विजेता. सपाटीवर साथीदारांनी आळीपाळीने वारा अंगावर घ्यायचा, पाणी आणून द्यायचे, वेळ पडली तर आपले चाकही काढून द्यायचे. घाट लागला की ताजातवाना कॉपी एकटाच पुढे निघे.

१९५२ च्या ‘तूर’मध्ये आंद्रेआ कार्रेआ हा त्याचा साधा मदतनीस अनपेक्षितपणे आघाडीवर आला आणि त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढली. आनंद राहिला बाजूला, नायकाचा मान आपण घेतला या भीतीने तो रडला. कॉपी रागावला नाही, त्याने त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्याच दिवशी आल्प द्युएझचा घाट जिंकून पिवळी जर्सी मात्र त्याने स्वतःकडे घेतली.

पुढे आफ्रिकेच्या दौऱ्यावरून कॉपी ताप घेऊन आला. आपल्याकडे पोरेसोरेही ओळखतील असा तो हिवताप, पण डॉक्टरांना निदान झाले नाही. २ जानेवारी १९६० रोजी, चाळिसाव्या वर्षी, तो गेला.

कार्रेआचे रडणे वाचले आणि मला आमच्या शाखेतला शिपाई आठवला. कर्जवसुलीसाठी उन्हातान्हात माझ्यापुढे सायकल हाणणारा तोच. शेतकऱ्यांची दारे त्याच्यामुळे उघडत, शाबासकीचे पत्र मात्र माझ्या नावाने येई. निवृत्तीच्या समारंभात मी साहेबांपासून सगळ्यांचे आभार मानले. तो मागे उभा राहून चहाचे कप भरत होता. त्याचे नाव घ्यायचे माझ्याकडून राहून गेले.