हॉफमन यांची गोळी

फेलिक्स हॉफमन यांचा जन्म १८६८ साली जर्मनीतील लुडविग्सबर्गचा. म्युनिकला रसायनशास्त्र शिकून १८९४ मध्ये ते बायर कंपनीत लागले. वडील संधिवाताने बेजार होते. त्या काळी त्यावर सॅलिसिलिक आम्ल देत. दुखणे थांबे, पण पोटात आग पडे. वडिलांना सोसेल असे औषध मुलाने शोधले, अशी कथा सांगतात. आयशेनग्र्यून या सहकाऱ्याने पुढे कल्पना आपली असल्याचा दावा केला. तो वाद अजून मिटलेला नाही.

१० ऑगस्ट १८९७ रोजी हॉफमन यांनी या आम्लाला ‘अ‍ॅसिटिल’ हा अणूंचा छोटा गट जोडून शुद्ध अ‍ॅस्पिरिन बनवले. त्यानंतर दोनच आठवड्यांत त्यांनी तोच गट मॉर्फिनला जोडला. ते औषध खोकल्यावर विकले गेले. नाव, हेरॉइन! गंमत म्हणजे कंपनीतील औषधतज्ज्ञ ड्रेझर यांना धास्ती वाटली ती अ‍ॅस्पिरिनची. हृदय कमकुवत होईल म्हणून. अखेर १८९९ मध्ये ते बाजारात आले.

हॉफमन १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारले. आपली गोळी नेमके काय करते हे त्यांना कधीच कळले नाही. ते १९७१ मध्ये ब्रिटनच्या जॉन वेन यांनी उलगडले. दुखापत झाली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात आणि त्यांनी वेदना, सूज, ताप वाढतो. ती बनवणारे एन्झाइम अ‍ॅस्पिरिन बंद पाडते. हॉफमन यांनी जोडलेला अ‍ॅसिटिल गटच त्या एन्झाइमला जाऊन चिकटतो. पण जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनच करते. ज्या पोटासाठी खटाटोप केला, त्याचा धोका म्हणून राहिलाच. शिवाय रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींना नवे एन्झाइम बनवता येत नाही, त्यामुळे एका गोळीचा परिणाम त्यांच्यावर आठवडाभर टिकतो.

डेंगीच्या दिवसांत ताप-अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन घेऊ नये ते यासाठीच. रक्तस्राव वाढू शकतो. अल्सर किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. तापलेल्या मुलांना तर देऊच नये. फ्लू किंवा कांजिण्यांत यकृत आणि मेंदूला इजा करणारा रेये सिंड्रोम क्वचित होतो, पण जीवावर बेततो. हृदयविकारासाठी रोजची छोटी गोळी लिहून दिलेल्यांनी मात्र ती आपल्या मनाने बंद करू नये. ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.