सूरश्री केसरबाई आणि साडेतीन मिनिटांची तबकडी

शास्त्रीय संगीत हा आपला प्रांत नव्हे, असे म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण बाजूला होतात. घरात कुणी शिकलेले नाही, कुणी गाणारे नाही, मग आपल्याला त्यातले काय कळणार? माझाही समज असाच होता. केसरबाई केरकर यांचे चरित्र वाचताना मात्र तो डळमळू लागला.

गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजातील ही मुलगी. या समाजातील स्त्रियांचे गाणे लोकांना हवे असे. त्यांना मान देण्याची मात्र तयारी नसे. केसरबाईंनी हा मान स्वतःच्या कष्टाने मिळवला.

ते सोपे नव्हते. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांची थोडे महिने तालीम मिळाली. पुढे रामकृष्णबुवा वझे, मुंबईत आल्यावर बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले असे गुरू लाभले. पण शिक्षणात सलगता नव्हती. अखेर १९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब यांचा गंडा त्यांनी बांधला. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या वयात पुन्हा षड्‌जापासून सुरुवात करून त्यांनी सुमारे अकरा वर्षे कसून तालीम घेतली. मोकळा, भारदस्त आकार, लांब दमसास आणि अवघड जोडरागांवरील हुकमत ही त्या तपश्चर्येची फळे होत.

भारतात तबकड्यांचे युग १९०२ साली कलकत्त्यातील ध्वनिमुद्रणांनी सुरू झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. डोंबिवलीहून सुटलेली लोकल ठाकुर्लीला पोहोचते तेवढाच हा वेळ! मैफलीत तासभर फुलणारा राग एवढ्याशा वेळात कसा बसवावा? केसरबाईंनी ‘ब्रॉडकास्ट’ आणि ‘एच.एम.व्ही.’ या कंपन्यांसाठी तबकड्या दिल्या खऱ्या. पण यंत्रापुढे गाण्याची त्यांना आवड नव्हती. आपल्या गाण्याची कुणी नक्कल करील, अशी धास्ती त्यांना वाटे, असे सांगतात. शिष्याही त्यांनी फारशा केल्या नाहीत. धोंडूताई कुलकर्णी यांना तेवढी त्यांची तालीम लाभली. त्यामुळे ज्यांनी त्यांच्या मैफली ऐकल्या नाहीत, त्यांच्यासाठी आज मोजक्या ध्वनिमुद्रिकाच उरल्या आहेत.

मानसन्मान पुष्कळ लाभले. कलकत्त्याच्या रसिकांनी ‘सूरश्री’ ही पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९६९ साली पद्मभूषण. आवाजावरची हुकमत ढळण्याआधीच, साठीच्या दशकात त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या.

१९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अंतराळात धाडली. प्रत्येक यानासोबत पृथ्वीवरचे आवाज साठवलेली एक सोनेरी तबकडी ठेवण्यात आली. कार्ल सेगन यांच्या समितीने त्यासाठी जगभरातून २७ संगीतरचना निवडल्या. त्यात बाख आणि बीथोव्हेन आहेत, जॅझचा बादशहा लुई आर्मस्ट्राँग आहे आणि भारतातर्फे आहे केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचवली होती. ती तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. व्हॉयेजर-१ चे उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ रोजी झाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला. २०१२ साली ते यान सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर पडले.

या गौरवाचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. पण ती भैरवी आपल्यापैकी किती जणांनी ऐकली आहे? गाणे ऐकायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या कल्याणात १९२६ पासून गायन समाज आहे. राग ओळखता आला नाही तरी बिघडत नाही. केसरबाईंची ती साडेतीन मिनिटे मी प्रथम ऐकली तेव्हा मलाही राग कळला नव्हता. एक सूर किती वेळ न डगमगता उभा राहू शकतो, एवढे मात्र कळले, आणि तबकडी पुन्हा लावावीशी वाटली.