कारखान्याच्या माहितीपत्रकाला महाराष्ट्राचं लाडकं मासिक बनवणारा सोलापूरचा चित्रकार

आज वळसंगला पापडाचा धंदा काढा नाहीतर सोलापुरात चादरीचं दुकान, पहिला सल्ला मिळतो तो ब्रँडिंगचा. लोगो एक हवा, रंग एक हवा, भाषा एक हवी. हे सगळं बघायला हल्ली क्रिएटिव्ह डायरेक्टर नेमतात.

हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधी सोलापूरचा एक माणूस हेच काम करत होता. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच शंवाकि.

त्यांचा जन्म १८९१ चा, सोलापूरचा. ओढा चित्रकलेकडे. त्यासाठी ते थेट लाहोरला पंडित सातवळेकरांकडे जाऊन राहिले. पण पुढे काका लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यात आले.

कारखाना होता औंध संस्थानातल्या माळावर, किर्लोस्करवाडीत. माल होता लोखंडी नांगर. अडचण अशी, की लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. म्हणजे नांगर विकण्याआधी विश्वास कमवायचा होता.

शंकररावांनी जाहिरातीचं काम हातात घेतलं आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणारं हे छोटंसं पत्रक. पण नुसती स्वतःची टिमकी वाजवली तर लोक किती दिवस वाचणार? म्हणून त्यात उद्योग, आरोग्य, विज्ञान, गोष्टी असं सगळं येऊ लागलं. १९२९ मध्ये नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ मासिक उरलं. १९३० ला ‘स्त्री’ आलं, १९३४ ला ‘मनोहर’.

तीन मासिकं, तीन वेगळे वाचक. पण सूर एकच. जुन्या रूढी सोडा, विज्ञान धरा, स्वतःच्या पायावर उभे राहा. नांगरामागेही हाच विचार होता. शंकरराव स्वतः व्यंगचित्रं काढायचे. ‘टाकांच्या फेकी’ या त्यांच्या चित्रांनी बुवाबाजी आणि खुळचट रूढींना चिमटे काढले.

यात धोका होता. नांगर घेणारा शेतकरी आणि मासिक घेणारा वाचक, दोघंही बऱ्याचदा परंपरा मानणारे. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख छापले तेव्हा सनातनी मंडळी खवळली. धंद्याचं नाव मासिकावर असताना गप्प बसणं सोपं होतं. शंकररावांनी सूर बदलला नाही.

१९७५ च्या पहिल्याच दिवशी ते गेले. त्याआधी ‘शंवाकीय’ हे आत्मचरित्र लिहून झालं होतं.

लोगो कुणीही काढून देतं. गिऱ्हाईक नाराज होईल हे माहीत असूनही तीच भूमिका वर्षानुवर्षं धरून ठेवणं, हे खरं ब्रँडिंग. म्हणूनच त्या तीन नावांची आद्याक्षरं जोडून झालेला ‘किस्त्रीम’ हा शब्द मराठी वाचकाला दिवाळी अंकामुळे आजही ओळखीचा आहे.