मोगऱ्याची उपमा देणारे पाद्री



घरभेटीला गेलो की वडीलधाऱ्यांकडून एक खंत हमखास ऐकू येते. वाडी गेली, विहीर बुजली, आता हे गाव आपले वाटत नाही. अशा वेळी मला फादर थॉमस स्टीफन्स आठवतात.

इंग्लंडमध्ये विल्टशायर परगण्यातील बुश्टन या खेड्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील व्यापारी होते. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राज्यात कॅथोलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे होते. येशूसंघात दाखल होण्यासाठी ते एका मित्राबरोबर रोमला जाणार होते, पण तो मित्र पकडला गेला आणि कित्येक वर्षे तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले व २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. पुढची चाळीस वर्षे ते इथेच राहिले. मायदेश त्यांना पुन्हा दिसला नाही.

गोव्यात पोहोचताच त्यांनी वडिलांना पत्र लिहून प्रवासाची हकीकत कळवली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेले पत्र मात्र वेगळे आहे. त्यात माडाचे कौतुक आहे. तेल, माडी, गूळ, दोर, घरावरचे छप्पर असे किती काय एकच झाड देते, हे ते भावाला सांगतात. इथल्या भाषांची घडण त्यांना ग्रीक व लॅटिनच्या जवळची वाटली. प्रवासी आता मुक्कामाला आला होता.

त्याच वर्षी साष्टीत रक्त सांडले. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळे पाडली होती. कुंकळ्ळीत पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांचीही हत्या झाली. हा इतिहास आपण लपवू नये. अशा दुखावलेल्या मुलखात स्टीफन्स यांनी आपली सेवा केली.

नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या काढून घेतल्या होत्या, पण त्यांच्या जागी काही दिलेले नव्हते. ख्रिस्तपुराणातच एक ब्राह्मण ख्रिस्ती ही उणीव पाद्रींपुढे मांडतो आणि नवे पुराण मागतो. घर गमावलेल्या माणसाचेच हे मागणे होते. ज्याने स्वतः घर सोडले होते, त्याला ते कळले. स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा मराठीत सांगितली. कोकणी शब्दांची तिला साथ दिली. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. फुलांत मोगरा, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असे त्यांनी गायिले. थंड मुलखात वाढलेल्या माणसाने आपल्या भाषेला उपमा शोधली ती आपल्या अंगणातली!

हे पुराण १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. १६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यातच वारले. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये छापून निघाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या बोलीवरच बंदी घातली. पहिल्या छपाईची एकही प्रत आज सापडत नाही. तरी पुराण टिकले. गोवा सोडून कर्नाटकच्या किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांनी हस्तलिखिते सोबत नेली आणि ओव्या म्हणत राहिले. त्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले, तर १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत निघाले.

त्या कुटुंबांची शेते मागे राहिली, बागा मागे राहिल्या, पण ओव्या बरोबर गेल्या. आपणही याचा विचार करावा. वाडी वाचवणे प्रत्येकाच्या हाती नसेल, पण घरातली प्रार्थना आपल्या हाती आहे. आपली नातवंडे इंग्रजी शाळेत शिकतात, त्यात गैर काही नाही. मात्र आजीची प्रार्थना त्यांना समजली नाही, तर आपल्याच घरात ती पाहुणी होतील.

या आठवड्यात रोजरीचा निदान एक दशक मुलांना सोबत घेऊन मराठीत म्हणा. नंतर आपल्या जुन्या वाडीत कोणती झाडे होती, ते त्यांना नावानिशी सांगा.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू