दगडातल्या समुद्राची मालकी

१८३७ साली न्यूयॉर्क राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची चार विभागांत फेरवाटणी झाली, तेव्हा सर्वांत नीरस समजला गेलेला पश्चिमेकडचा विभाग सर्वांत तरुण भूवैज्ञानिकाच्या वाट्याला आला. उत्तरेकडे ॲडिरॉन्डॅकचे पर्वत होते, तिथे लोखंड होते. पश्चिमेकडे काय होते? एकावर एक रचलेले, जवळजवळ आडवे पडलेले करडे-काळे दगड आणि त्यांना कापत जाणारे ओढे. ज्या तरुणाच्या माथी ही कामगिरी आली, त्याचे नाव जेम्स हॉल. वय अवघे पंचवीस. पुढची साठ वर्षे हा माणूस त्या आडव्या दगडांना सोडणार नव्हता, आणि त्या दगडांतल्या प्राण्यांवर दुसऱ्या कुणाचा हक्कही सहजासहजी मानणार नव्हता.

हॉलचा जन्म १२ सप्टेंबर १८११ रोजी मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम या गावी झाला. आईवडील इंग्लंडहून नुकतेच आलेले, घरची परिस्थिती बेताची. ट्रॉय येथील रेन्सेलर स्कूलमध्ये विज्ञान नव्या पद्धतीने शिकवतात, असे त्याच्या कानावर आले आणि तो सुमारे दोनशे मैलांचे अंतर पायी तुडवून तिथे दाखल झाला. १८२४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचा आत्मा होता एमॉस ईटन. पाठांतरावर त्याचा विश्वास नव्हता. विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, स्वतः व्याख्याने द्यावीत आणि हातोडी घेऊन डोंगरात हिंडावे, असा त्याचा आग्रह असे. तेथील दुसरा शिक्षक होता एबनेझर एमन्स. त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १८३२ मध्ये हॉल पदवीधर झाला आणि ऑल्बनीजवळच्या हेल्डरबर्ग डोंगरांत जीवाश्म गोळा करीत फिरू लागला.

सर्वेक्षण १८३६ साली सुरू झाले ते ज्ञानासाठी कमी आणि कोळशासाठी अधिक. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात कोळसा विपुल होता. मग तो न्यूयॉर्कमध्ये का नसावा? काळा शेल दिसला की लोक आशेने खणत. या प्रश्नाचे उत्तर खाणीत नव्हते, शिंपल्यांत होते. न्यूयॉर्कच्या खडकांतले सागरी प्राणी कोळशाच्या थरांहून जुन्या काळातले आहेत, म्हणजे हे खडक कोळशाच्या खाली जातात, हे एकदा ठरले की खणण्यात अर्थ उरत नाही. राज्यात कोळसा मिळणार नाही, हा सर्वेक्षणाचा निष्कर्ष अनेकांना रुचला नसेल. पण त्याने किती पैसा आणि किती उमेद वाचवली असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

पश्चिम न्यूयॉर्कचे हे खडक ज्या कालखंडात निर्माण झाले त्याला आज आपण डेव्होनियन म्हणतो: सुमारे ४२ कोटी ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. हे नाव इंग्लंडच्या डेव्हन परगण्यावरून सेजविक आणि मर्चिसन यांनी १८३९ मध्ये दिले. डेव्हनमधील प्रवाळांचे जीवाश्म पाहून हे खडक सिल्युरियन आणि कोळसाधारी कार्बोनिफेरस या दोहोंच्या मधले असावेत, असे विल्यम लॉन्सडेलने ताडले होते. पण डेव्हनमधले थर मोडलेले, वाकलेले आहेत. त्यांचा क्रम लावणे म्हणजे फाटलेल्या पोथीची पाने जुळवणे. न्यूयॉर्कमध्ये हीच पोथी जवळजवळ सबंध होती. ओढ्याच्या पात्रातून वर चढत गेले की एकेक पान आपोआप उलटते. हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या पानांना स्थानिक गावांची, नद्यांची नावे दिली: हॅमिल्टन, पोर्टेज, शमंग. एका शेलला हॉलने मॉस्को हे नाव दिले. ते रशियाच्या राजधानीवरून नव्हे, तर तिथल्याच एका खेड्यावरून. त्या खेड्याचे नाव पुढे बदलले, खडकाचे मात्र कायम राहिले. १८४३ साली हॉलचा चौथ्या विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि नीरस ठरवलेला प्रदेश अमेरिकी भूविज्ञानाचे प्रमाण बनला. फ्रेंच पुराजीववैज्ञानिक एद्वार द व्हर्नेय १८४६ मध्ये येऊन अमेरिका व युरोप यांचे थर ताडून गेला. त्याचा निबंध हॉलने स्वतः इंग्रजीत आणला.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. हॅमिल्टन शेलची कपची हातोडीच्या एका घावाने पानासारखी उलगडते आणि आत ब्रॅकिओपॉड दिसतो. दिसायला तो शिंपलाच. पण शिंपल्यातला मृदुकाय प्राणी वेगळा आणि हा वेगळा. बहुतेक शिंपल्यांत डावे-उजवे झाकण परस्परांचे प्रतिबिंब असते. ब्रॅकिओपॉडमध्ये वरचे व खालचे झाकण सारखे नसते, मात्र प्रत्येक झाकण मधोमध दुमडले तर दोन्ही बाजू जुळतात. त्यातल्या एका नेहमीच्या जातीची कडा दोन्हीकडे पंखासारखी लांबत जाते. त्याच दगडात मोठाल्या, अनेक भिंगांच्या डोळ्यांचा ट्रायलोबाइट गुंडाळी करून बसलेला सापडतो, समुद्रकमळाच्या देठाच्या चकत्या सापडतात, प्रवाळ सापडतात.

सापडणे सोपे, ओळखणे कठीण. कवच विरघळून गेलेले असते आणि आतल्या चिखलाचा साचा तेवढा उरतो. बाहेरचा ठसा आणि आतला साचा एकाच प्राण्याचे असूनही दोन निरनिराळ्या जाती वाटाव्यात इतके वेगळे दिसतात. पिल्लू आणि प्रौढ वेगळे. चिखलातला आणि वाळूतला वेगळा. झाकणावरच्या बारीक रेघांपेक्षा आतल्या बिजागरीचे दात, स्नायूंच्या खुणा आणि भुजांना आधार देणारे नाजूक सर्पिल सांगाडे अधिक विश्वासार्ह. पण ते पाहायचे तर दगड काळजीपूर्वक कोरावा किंवा घासत जावा लागतो. एका नमुन्यावरून जात ठरवणे म्हणजे एका माणसावरून गावाचा स्वभाव ठरवणे. शंभर हवेत, जमल्यास हजार. हॉलची भूक या गरजेतून जन्मली, आणि मग गरजेच्या पलीकडे गेली.

१८४३ मध्ये राज्याने पुराजीवविज्ञानाचे काम त्याच्याकडे सोपवले. न्यूयॉर्कच्या जीवाश्मांवर एक ग्रंथ लिहायचा, एवढीच मूळ अपेक्षा होती. पहिला खंड १८४७ मध्ये निघाला, शेवटचा १८९४ मध्ये. आठ खंड, तेरा पुस्तके, साडेचार हजारांवर पाने आणि हजाराहून अधिक चित्रफलक. सरकारे बदलली, राज्यपाल आले आणि गेले, युद्ध झाले. हॉलचा ग्रंथ चालूच. विधिमंडळाला दरवेळी वाटे की हा शेवटचा खर्च. मध्यंतरी निधी आटला तेव्हा हॉलने पदरचे पैसे घातले, आणि पुन्हा विधिमंडळाच्या दारात जाऊन उभा राहिला. हातोडीइतकीच त्याला राजकारण्यांची नाडीही ठाऊक होती.

डेव्होनियनचे वैभव यातल्या मधल्या खंडांत आहे. १८६७ चा चौथा खंड ब्रॅकिओपॉडांचा. पाचव्यात शिंपले, गोगलगायी व शीर्षपाद. १८८७ च्या सहाव्यात प्रवाळ आणि ब्रायोझोआ. १८८८ च्या सातव्यात ट्रायलोबाइट व त्यांचे कवचधारी सोयरे. त्याने पाडलेल्या जातींपैकी बऱ्याच पुढे एकमेकींत विलीन कराव्या लागल्या हे खरे. पण त्या विलीन करण्यासाठीही आधी त्याचेच फलक उघडावे लागतात.

फलकांमागे जे हात होते, त्यांची कहाणी मात्र तितकी सुखद नाही. ऑल्बनीतील त्याच्या विटांच्या कार्यशाळेतून अमेरिकी पुराजीववैज्ञानिकांची एक अख्खी पिढी घडून बाहेर पडली, आणि पुष्कळदा कडवट होऊन बाहेर पडली. फील्डिंग मीक १८५२ पासून त्याच्याकडे राबला आणि १८५८ मध्ये दुरावून वॉशिंग्टनला गेला. चार्ल्स वॉलकॉट १८७६ मध्ये आला, दोनच वर्षे टिकला. हाच वॉलकॉट १९०९ मध्ये बर्जेस शेलच्या अद्भुत जीवाश्मांचा शोधक ठरला. सिनसिनाटीच्या चार्ल्स शुकर्टकडे ब्रॅकिओपॉडांचा उत्तम संग्रह होता. हॉलने संग्रह आणि संग्राहक दोघांनाही ऑल्बनीला आणले. रॉबर्ट व्हिटफील्डने वीस वर्षे सेवा केली. वर्णने, चित्रे, जुळवाजुळव या साऱ्यांत सहायकांचा वाटा मोठा. मुखपृष्ठावर नाव बहुधा एकट्या हॉलचे. काळाची रीत तशी होती, असे म्हणता येईल. पण त्या काळातही लोकांना ती बोचली, हेही नोंदवायला हवे.

स्वतःच्या मालकीबद्दल तो किती हळवा होता, याचा अनुभव चार्ल्स लायेलसारख्या थोर पाहुण्यालाही आला. १८४१ मध्ये हॉलने त्याला नायगारापर्यंत सारा प्रदेश हिंडवून दाखवला. पण आपण कष्टाने जमवलेली माहिती हा पाहुणा आधी छापून टाकील, या धास्तीने दुसऱ्याच वर्षी बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात निनावी पत्र लिहून त्याने लायेलवर तोफ डागली. लेखक कोण, हे फार दिवस लपले नाही.

एमन्सशी झालेला कलह याहून गंभीर. न्यूयॉर्कच्या पूर्व सीमेवरील टॅकॉनिक टेकड्यांचे खडक ज्ञात जीवाश्मयुक्त थरांहून जुने व स्वतंत्र आहेत, असे एमन्सचे म्हणणे. हॉलला ते मुळीच मान्य नव्हते. जेम्स फॉस्टर नावाच्या गृहस्थाने शाळांसाठी एक भूवैज्ञानिक तक्ता काढला. हॉल आणि लुई अगासी यांनी त्याची जाहीर नालस्ती केली, फॉस्टरने बदनामीचा दावा लावला. एमन्स फॉस्टरच्या बाजूने उभा राहिला आणि गुरुशिष्य न्यायालयात समोरासमोर आले. फॉस्टर हरला. एमन्सने न्यूयॉर्क सोडले, नॉर्थ कॅरोलायनाची नोकरी धरली, आणि तिथेच १८६३ मध्ये त्याचे निधन झाले. १८८० च्या दशकात त्याच टेकड्यांच्या काही भागांत हॉलपेक्षा एमन्सला अनुकूल असे कँब्रियन जीवाश्म दाखवून दिले ते वॉलकॉटने. एमन्स सर्वस्वी बरोबर नव्हता, पण देशोधडीला लागावा इतका चूकही नव्हता.

आणि तरीही या माणसाला केवळ संग्राहक म्हणून बाजूला सारता येत नाही. १८५७ साली माँट्रियल येथे अमेरिकन असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्याने एक साधे निरीक्षण मांडले. मिसिसिपीच्या खोऱ्यात जे थर काही हजार फूट भरतात, तेच ॲपलाचियन पर्वतात चाळीस हजार फुटांच्या घरात जातात. आणि तरी त्यांतल्या खुणा उथळ पाण्याच्याच. मग इतका गाळ मावला कसा? गाळाच्या भाराने तळ खचत गेला, असे हॉलचे उत्तर. जेम्स डेनाने टीका केली की यात पर्वत वर का उचलले गेले याचा पत्ताच नाही, आणि टीका योग्य होती. पण त्या खचणाऱ्या पट्ट्याला डेनानेच १८७३ मध्ये नाव दिले आणि भूद्रोणीची ती कल्पना भूपट्ट सिद्धांत येईपर्यंत जवळजवळ शतकभर टिकली. थरांची जाडी मोजता आली, कारण दूरदूरचे थर एकच आहेत हे शिंपल्यांनी सांगितले होते.

१८७५ मध्ये हॉलने आपला संग्रह न्यूयॉर्क शहरातील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला ६५ हजार डॉलरना विकला. त्यात त्याच्या ग्रंथांतून वर्णिलेले मूळ नमुने होते. जातीच्या नावाचा अंतिम पुरावा म्हणजे हे नमुने. राज्याचा पगारी पुराजीववैज्ञानिक, राज्याच्या खर्चाने छापलेले ग्रंथ, आणि नमुने मात्र खासगी मालकीचे! पदरचा खर्च त्याने केला होता, हे विसरून चालणार नाही. परंतु कुठे सरकारी हातोडी थांबली आणि कुठे खासगी सुरू झाली, ही रेघ त्याने कधीच स्वच्छ आखली नव्हती. संग्रहापाठोपाठ व्हिटफील्डही त्या संग्रहालयात गेला. परिणामी न्यूयॉर्कच्या डेव्होनियन जीवाश्मांवर काम करणाऱ्याला मूळ नमुन्यांसाठी ऑल्बनी आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे हात पसरावे लागतात.

मानसन्मान यथाकाल आले. १८५८ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे वोलॅस्टन पदक, १८६३ मध्ये नॅशनल अकॅडमीच्या संस्थापकांत स्थान, १८८९ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकेचे पहिले अध्यक्षपद. अखेरच्या खंडांवर जॉन क्लार्क या सहायकाचे नाव हॉलच्या बरोबरीने आले. पुढे हाच त्याचा वारस आणि चरित्रकार झाला. याच क्लार्कने, हॉलच्या हयातीतच, एक अवघड गोष्ट केली. हेल्डरबर्गचे चुनखडक, जिथे विद्यार्थिदशेत हॉलने हातोडी चालवली होती, ते हॉलने सिल्युरियनमध्ये घातले होते. क्लार्कने युरोपातील प्राण्यांशी तुलना करून ते डेव्होनियनचे असल्याचा पक्ष मांडला, आणि पुढे तोच मान्य झाला. पुरावा होता तो बव्हंशी हॉलनेच वर्णिलेल्या प्राण्यांचा.

१८९७ च्या उन्हाळ्यात, वयाच्या ८५ व्या वर्षी, हॉल आंतरराष्ट्रीय भूविज्ञान परिषदेसाठी सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तरुण मंडळींबरोबर उरल पर्वतापर्यंतची सफर करून आला. पुढच्या वर्षी, ७ ऑगस्ट १८९८ रोजी, न्यू हॅम्पशायरमधील बेथलेहेम येथे त्याचा मृत्यू झाला. तोवर तो न्यूयॉर्क राज्याच्या सेवेतच होता. विटांची ती कार्यशाळा ऑल्बनीच्या लिंकन पार्कमध्ये राहिली, आणि १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.