थ्री नॉट थ्रीवरचं एक अक्षर

थ्री नॉट थ्री म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पोलीस ठाण्याच्या दारातला पहारा असो की गणपती विसर्जनाचा बंदोबस्त, ती लाकडी अंगाची, जडशीळ बंदूक आपण वर्षानुवर्षं पाहत आलो. एनसीसीत गेलेल्या कित्येकांनी ती खांद्यावर वाहिलीसुद्धा. पण ती मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली, असं विचारलं तर शंभरातले नव्याण्णव जण गप्प बसतील.

त्याचं उत्तर बंदुकीवरच कोरलेलं असतं, तेही एका अक्षरात. जुन्या लष्करी बंदुकांचे शौकीन बंदूक हाती आली की आधी बोल्टच्या मागे, लाकडी दस्ता जिथे मुठीत निमुळता होतो, तिथलं पोलादी कडं पाहतात. बंदुकीची सारी कुंडली त्यावर असते. वर मुकुट, खाली राजाची आद्याक्षरं, मग कारखान्याचं नाव, साल आणि नमुना. कारखाना एन्फिल्डचा असेल, बर्मिंगहॅमच्या बीएसएचा, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोचा किंवा आपला बंगालमधल्या ईशापूरचा. पहिल्या महायुद्धातल्या बंदुकीवर त्याखाली एसएचटी एल.ई. अशी अक्षरं सापडतात. शॉर्ट ली-एन्फिल्ड. एन्फिल्ड हे गाव, आणि ली हा माणूस. जेम्स पॅरिस ली.

त्याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ चा, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. पोर पाचेक वर्षांचं असताना घरदार कॅनडात गेलं आणि ऑन्टारिओतल्या गॉल्ट इथे स्थिरावलं. वडील घड्याळजी. मुलगाही तीच विद्या शिकला, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथेच आहे. बंदूक बनवणारे बहुतेक लोक लोहारकामातून येतात. हा आला तो चिमट्याने चक्रं बसवणाऱ्यांच्या पंगतीतून. बारा वर्षांचा असताना त्याने जुन्या पिस्तुलाची नळी मिळवली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरला, अर्ध्या पेनीचं नाणं ठोकून दारूची वाटी केली आणि पहिली बंदूक जोडली. ती काही धड चालली नाही. पण बंदूक चालवण्यापेक्षा ती घडवण्याचं वेड त्याला लागलं, ते कायमचं.

पुढे तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. यादवी युद्ध चालू होतं आणि सरकारला बंदुका हव्या होत्या. मागून गोळी भरता येईल अशी रचना लीने केली आणि युद्धाच्या अखेरीस त्याला हजार आखूड बंदुकांची मागणी मिळाली. मिलवॉकीत कंपनी निघाली, माल तयार झाला, आणि नळीच्या मापावरून वाद उभा राहिला. लष्कर म्हणे .४४ इंच हवं होतं, बंदुका निघाल्या .४२ च्या. सरकारने माल नाकारला. दोन शतांश इंच! घड्याळजीच्या पोराचं नशीब मापानेच फिरावं, हा दैवाचा खवचटपणाच.

तो खचला नाही. त्या काळात एकापाठोपाठ एक गोळ्या सोडणाऱ्या बंदुका होत्या, पण त्यांची काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक आडवी ठेवलेली असत. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. भरायला वेळ लागे, शिवाय काडतुसं संपत जातील तसा बंदुकीचा तोलही बदले. लीने ती एकावर एक रचली, पत्र्याच्या छोट्या डब्यात, आणि तळाशी स्प्रिंग बसवली. डबा बोल्टच्या खाली. बोल्ट मागे ओढला की स्प्रिंग काडतूस वर ढकलते, बोल्ट पुढे लोटला की ते नळीत जातं. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्याला या डब्याचं पेटंट मिळालं. आता वाटतं, यात काय विशेष? पण आजच्या कुठल्याही लष्करी रायफलीखाली लोंबणारं मॅगझिन पाहा, ते याच डब्याच्या वंशातलं आहे.

व्यवहारात मात्र पुन्हा ओढाताण. बंदुका करायला घेतलेली शार्प्स कंपनी बुडाली, काम रेमिंग्टनकडे गेलं. १८८६ मध्ये रेमिंग्टनचंही दिवाळं निघालं. दाद मिळाली ती ब्रिटनमध्ये. १८८८ च्या डिसेंबरात ब्रिटिश लष्कराने लीचा बोल्ट आणि डबा, मेटफर्ड या इंजिनिअरचे नळीतले आटे, अशी .३०३ ची रायफल स्वीकारली. कागदोपत्री तिचं नाव होतं मॅगझिन रायफल. ली-मेटफर्ड हे नाव १८९१ मध्ये लागलं. धूर न करणाऱ्या नव्या दारूच्या उष्णतेपुढे मेटफर्डचे उथळ आटे टिकेनात, तेव्हा १८९५ मध्ये एन्फिल्डचे खोल आटे आले आणि मेटफर्ड नावासकट गेला. ली राहिला.

गंमत म्हणजे ज्यासाठी बंदूक घेतली तो डबाच साहेबाला भिववत होता. शिपाई भराभर गोळ्या उधळतील म्हणून डब्यावर एक सरकती पट्टी बसवली. ती लावली की एकेक काडतूस हाताने भरायचं. महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९१६ च्या नमुन्यात, ती काढून टाकावी लागली.

हे पाहायला ली नव्हता. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेक्टिकटमधल्या शॉर्ट बीच इथे तो वारला. त्याच वर्षी हुगळीकाठी ईशापूरचा रायफल कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याने लीचीच बंदूक लाखोंनी केली, आणि तिची काडतुसं आपल्या खडकीतही तयार होत, बुडावर के.एफ. असा ठसा असे. याच ईशापूरने पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी .४१० ची एकबारी बंदूकही काढली. दिसायला हुबेहूब ली-एन्फिल्ड, पण डब्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. देशी पोलिसाच्या हाती दहा गोळ्या एकदम द्यायचा सरकारला धीर नव्हता, असाच मी त्याचा अर्थ लावतो. लीचं आयुष्य ज्या पोकळीत गेलं, ती लाकडाने बुजवली. आणि १९२६ मध्ये ब्रिटिशांनी नमुन्यांना क्रमांक दिले तेव्हा शॉर्ट ली-एन्फिल्ड नुसती नंबर वन झाली. नव्या अधिकृत नावातून ते एल अक्षरही गेलं.

युद्धं संपल्यावर या बंदुका मोडीच्या भावात जगभर विकल्या गेल्या आणि परदेशांत संग्राहकांचा एक पंथच तयार झाला. त्यांची तपासणी घड्याळजीला शोभेल अशी असते. बोल्टवरचा क्रमांक आणि नळीमागच्या भागावरचा क्रमांक जुळतो का? न जुळणं केवळ किमतीचा प्रश्न नाही. बोल्ट बदललेला असेल तर काडतुसामागची फट वाढलेली असू शकते, आणि काडतूस फुटून चेहऱ्यावर येऊ शकतं. पुढच्या लाकडावर तारेचे वेढे असतील तर ती हातबॉम्ब फेकायला वापरलेली, म्हणजे दमलेली. डबा चौकोनी, बारा गोळ्यांचा असेल तर ती .३०३ नव्हेच, १९६० च्या दशकातली ईशापूरची ७.६२ ची. आणि डी.पी. हा ठसा असेल तर ती फक्त कवायतीची. मी एनसीसीत जी झेलली तिच्यावर तोच ठसा होता.

आपल्याकडे हा छंद कायद्याने जवळपास अशक्य आहे, कारण .३०३ निषिद्ध बोअरमध्ये मोडते. पोलिसांकडे मात्र ती फार काळ राहिली, जरुरीपेक्षा फारच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ समोर आपल्या काही पोलिसांच्या हाती हीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी संचलनात तिला निरोप दिला. नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ ची शिकारी रायफल काढली, ती परवान्यावर मिळे. तिचा बोल्ट ली-एन्फिल्डच्याच धर्तीचा.